‘बोलेल हळूहळू’ म्हणता म्हणता

या सदरात एरवी डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड येथे माझे किराणा मालाचे लहानसे दुकान आहे, तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि दोन अपत्ये आहेत. थोरली मुलगी २३ वर्षांची, धाकटा मुलगा १६ वर्षांचा. हा धाकटा स्वमग्न आहे. इंग्रजीत या अवस्थेला ऑटिझम म्हणतात. त्याचे नाव मी येथे देत नाही. ‘माझे नाव पेपरात छापा’ किंवा ‘छापू नका’ हे तो मला सांगू शकत नाही, आणि त्याच्या वतीने मी ते परस्पर ठरवावे असे मला वाटत नाही.

धाकट्याचा जन्म ऑक्टोबर २००९ मधला. बाळंतपण सुखरूप झाले. तो वेळेवर पालथा पडला, वेळेवर बसला, वर्षाचा व्हायच्या आत धरून चालू लागला. ‘बाबा’, ‘दूद’, ‘ताई’ असे पाच-सहा शब्दही बोलू लागला होता. दीड वर्षाचा झाला आणि ते शब्द एकेक करून गेले. काही स्वमग्न मुलांमध्ये असे आलेले शब्द जातात, हे मला पुढे कळले. तेव्हा वाटले, दात येत आहेत, चिडचिड आहे, होईल बरे.

सगळ्यात आधी माझ्या आईच्या ध्यानात आले. ती शाळेत गेलेली नाही, पण सात लेकरे तिने वाढवली आहेत. एके दिवशी ती मला म्हणाली, “हे लेकरू माझ्याकडं बघतंय, पर मला बघत न्हाई.” मी हसून सोडून दिले. मी स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, असे हीच आई सांगत आली होती. उशिरा बोलणारे पोर शहाणे निघते, असे आपल्याकडे म्हणतातच. ‘बोलेल हळूहळू’ हे वाक्य मी त्यानंतर तीन वर्षे म्हणत राहिलो. त्या तीन वर्षांचा हिशेब मला आजही लागत नाही.

खुणा डोळ्यांसमोरच होत्या. पाठीमागून नावाने दहा हाका मारल्या तरी तो वळत नसे, मात्र दुकानात बिस्किटाचा पुडा फाटला की आतल्या खोलीतून धावत येई. म्हणजे कान शाबूत होते. तहान लागली तर ‘पाणी’ म्हणणे नाही की माठाकडे बोट दाखवणे नाही. आईचा हात मनगटाला धरून तो माठापर्यंत ओढत नेई, जणू तो हात म्हणजे एखादा तांब्याच. बोट दाखवून ‘ते बघ’ असे त्याने कधी केलेच नाही. मूल दीड वर्षाचे झाले आणि बोटाने काही दाखवत नसेल, नावाला वळत नसेल, तर ती सर्वात महत्त्वाची खूण समजावी, असे डॉक्टर सांगतात. आम्ही मात्र तो अंगठे टेकवून चवड्यांवर चालतो, हात पाखरासारखे फडफडवतो, याचेच कौतुक करत होतो. दुकानातल्या साबणाच्या वड्या तो तासन्‌तास एका ओळीत लावत बसे. एक वडी कोणी हलवली तर आकांत करी. मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे, “दुकानदाराचं पोरगं आहे, माल लावायला आत्ताच शिकलंय.”

दोष कोणाचा?

घरात कोणाला काही समजेनासे झाले की दोष शोधला जातो, आणि तो सुनेकडे जाऊन थांबतो. २२ जुलै २००९ रोजी सूर्यग्रहण होते. माझ्या पत्नीला तेव्हा सहावा महिना होता आणि त्या दिवशी तिने विळीवर भाजी चिरली होती. एवढे पुरेसे झाले. कोणी म्हणाले, ग्रहणाने वाचा नेली. कोणी म्हणाले, करणी आहे. कोणी म्हणाले, ही दिवसभर दुकानात बसते, लेकराशी बोलायला घरी आहे कोण? हे शेवटचे वाक्य एकदा रागाच्या भरात मीही बोललो. ती काही बोलली नाही. त्यानंतर पंधरा दिवस तिने दुकानात पाऊल टाकले नाही. ते माझे बोलणे ती विसरली आहे असे ती म्हणते. मी विसरलेलो नाही.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा एक गोष्ट कळून मन थोडे हलके झाले आणि थोडा रागही आला. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे लिहून या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे तिकडचे मोठमोठे विद्वान म्हणत राहिले, की आईच्या मायेत ओलावा नसल्याने मूल असे होते. ब्रुनो बेटलहाइम यांनी तर १९६७ मध्ये यावर आख्खा ग्रंथ लिहिला. आमच्या गल्लीतल्या बायका ग्रहण म्हणत होत्या आणि ते विद्वान आईचा थंडपणा म्हणत होते. निवाडा एकच, भाषा तेवढी वेगळी. हे खोटे आहे, असे १९६४ मध्येच पुस्तक लिहून ठणकावून सांगणारे बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण त्याआधी एका स्वमग्न मुलाचे वडील होते. मेंदूची घडण गर्भात असतानाच वेगळी होत जाते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, संगोपनाचा दोष नसतो, हे आज सर्वमान्य आहे.

लसीचेही तेच. दुकानात अजून अधूनमधून एखादी माउली विचारते, “गोवराच्या सुईनं असं होतं म्हणतात, खरं का?” नाही, खोटे आहे. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टराने तसा लेख छापून आणला होता. त्यातली माहिती खोटी निघाल्यावर त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये तो लेख मागे घेतला. अनेक देशांत लाखो मुलांवर झालेल्या पाहण्यांत लसीचा आणि स्वमग्नतेचा काहीही संबंध आढळलेला नाही. तेव्हा लेकराची सुई चुकवू नका.

पैसा कुठे गेला तेही सांगतो, कारण तो अजून कित्येकांचा जात असेल. अंगारे, धुपारे, नवस झाले. त्यात पैसा फार गेला नाही. जास्त पैसा गेला तो एका शहरातल्या गृहस्थाकडे. वर्षभरात पोरगा पोपटासारखा बोलेल, अशी त्याने हमी दिली. अकरा महिने पुड्या चालल्या. एका हंगामाचे सोयाबीन त्यात गेले आणि पोराचे पोट बिघडले ते वेगळेच. हमी देणारा भेटला की उठून यावे, हे मी त्या सोयाबीनच्या किमतीत शिकलो.

एक तासाची तपासणी

२०१४ च्या उन्हाळ्यात गावात आलेल्या एका नर्सबाईंनी, त्या पत्नीच्या माहेरच्या ओळखीतल्या, सरळ सांगितले, “दाजी, आधी कान तपासा, आणि मग अंबाजोगाईला मानसोपचार विभागात दाखवा.” ‘मानसोपचार’ हा शब्द ऐकून मी दोन महिने टाळाटाळ केली. पोराला वेडा ठरवतील, अशी भीती होती. शेवटी पत्नीनेच पिशवी भरली.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्णांची केवढी गर्दी असते, ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. तरीही त्या डॉक्टरांनी धाकट्याला खाली सतरंजीवर बसवले, समोर काही ठोकळे टाकले आणि ते तासभर बघत बसले. आम्हाला खूप प्रश्न विचारले. नजरेला नजर देतो का, तेच तेच शब्द पुन्हा म्हणतो का, आवाजाने कान झाकतो का, दुखले तर रडतो का. स्वमग्नता मोजण्यासाठी भारतात २००९ पासून ४० मुद्द्यांची एक मोजपट्टी आहे, त्यातले हे प्रश्न. रक्ताची किंवा फोटोची कोणतीही तपासणी नाही. निदान होते ते मुलाला बघून आणि घरच्यांना विचारून.

डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, जन्मभराची अवस्था आहे. मुळावर औषध नाही. फिट येत असेल, झोप लागत नसेल, तर त्यावर औषधे आहेत. बाकी सगळी शिकवण आहे, आणि ती बहुतेक घरातच करायची आहे. मग पत्नीकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही काही केल्यामुळे हे झालेलं नाही.”

परतीच्या एस.टी.त मी खिडकीतून बाहेर बघत डोळे पुसत होतो. पत्नी मात्र पोराला मांडीवर घेऊन गाढ झोपली होती. पाच वर्षांत तिला असे झोपलेले मी पाहिले नव्हते.

घरची शिकवण

डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही एका शाळकरी वहीत लिहून आणले होते. वाक्ये लहान बोला. ‘अरे बाळा, चल बघू आता, हात धुऊन जेवायला बसायचं ना?’ असे नको. ‘हात धू’ एवढेच. ते झाले की ‘जेव’. दिवस एकाच क्रमाने चालवा. क्रम बदलणार असेल तर आधी सांगा, शक्यतो चित्राने. पत्नीने जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर ताट, बादली, चप्पल, शाळेचे दप्तर, अंथरूण अशी चित्रे काढून भिंतीला ओळीने लावली. चित्रे काही फार सुबक नव्हती. बादलीला माझी आई बरेच दिवस डमरू म्हणायची. पण तीन महिन्यांत धाकटा सकाळी उठून स्वतः बादलीच्या चित्रावर हात ठेवू लागला. बोट नाही, पूर्ण पंजा. आम्हाला तेवढे पुष्कळ झाले.

त्याला आवाज सोसत नाहीत. मिक्सर, पिठाची गिरणी, वरातीतला डीजे या आवाजांनी आपण वैतागतो, त्याला ते दुखतात. एका लग्नात त्याने स्वतःचा हात चावून रक्त काढले, तेव्हा चार पाहुण्यांनी त्याला लाड जास्त झाल्याचे ठरवले. आता लग्नाला आमच्यातले एकच जण जाते, किंवा अक्षता पडण्यापुरते जाऊन आम्ही परत येतो. उलट एक आवाज त्याला फार प्रिय. माझी आई भाकरी थापते तो. कितीही बिनसलेले असो, आई परातीत पीठ घेऊन बसली की तो तिच्या गुडघ्याला पाठ टेकवून बसतो. उपचारपद्धतीच्या कोणत्या पुस्तकात हे असेल मला ठाऊक नाही, पण वहीत ‘त्याला शांत करणाऱ्या गोष्टी शोधा’ असे लिहिले होते आणि आईने ती न वाचता शोधली.

शौचाचे सांगणे त्याला आठव्या वर्षी जमले. सातव्या वर्षी तो पहिल्यांदा पुन्हा बोलला. शब्द होता ‘बस’, तोही एस.टी. पाहून. आज त्याच्याकडे चाळीसेक शब्द आहेत. काही स्वमग्न मुले भरभरून बोलतात, शिकतात, नोकऱ्या करतात. आमचा त्यातला नाही, आणि काहींना तर एकही शब्द येत नाही. एकाचे बघून दुसऱ्याचे मोजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. आपल्या गावच्या शाळेचा पट आठवा आणि भागून पाहा. म्हणजे ही मुले आपल्याकडे नाहीत असे नाही. ती घरात आहेत.

हरवला तो दिवस

आमचाही धाकटा असाच घरात होता. दुकानामागच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली असे. गिऱ्हाइकांना वाटे, मुलगा आजोळी असतो. मीच तसे सांगत होतो. निदान झाल्यावरही दोन वर्षे मी हेच केले, हे लिहायला मला जड जात आहे.

२०१६ मध्ये एका बाजारच्या दिवशी कडी लावायची राहिली. दुपारी तीनच्या सुमारास तो नाहीसा झाल्याचे कळले. मी बाजारातून धावत सुटलो, पण विचारू काय? ‘साडेसहा वर्षांचा पोरगा पाहिला का?’ असे विचारले तर लोक म्हणत, तुमचा पोरगा? आम्ही तर कधी बघितलाच नाही. तो हाकेला ओ देत नाही, हे कोणाला माहीत नव्हते. हात धरून ओढले तर चावेल, हेही माहीत नव्हते. चार तास गेले. प्रत्येक विहिरीत डोकावताना माझे जे झाले ते सांगत नाही. अशा मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि हरवलेल्या मुलांना सर्वात मोठा धोका पाण्याचाच असतो, हे मी नंतर वाचले. आधी वाचले असते, तर कडीऐवजी निराळा विचार केला असता.

दिवस मावळताना तो सापडला. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर एका शेतात मोटारीचे पाणी हौदात पडत होते, त्या धारेकडे बघत तो हौदाच्या काठावर बसला होता. तिथल्या सालगड्याने त्याला पाहिले होते. बोलत नाही हे ओळखून तो भला माणूस त्याला हात न लावता शेजारी बसून राहिला आणि रस्त्याने जाणाऱ्याकडे निरोप धाडला. का बसून राहिलात, असे मी विचारले. म्हणाला, “घाबरलेल्या वासराला धरायला गेलं की ते पळतंय. मग बसलो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडले आणि धाकट्याला गल्ल्याशेजारी स्टूलावर बसवले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, हा माझा मुलगा. याला बोलता येत नाही. एकटा दिसला तर ओरडू नका, धरू नका, जवळ बसा आणि मला फोन करा. पाण्याकडे जाताना दिसला तर मात्र आडवे उभे राहा. पहिले आठ दिवस लोक नुसते बघत. काही जण हळहळले, दोघा-तिघांनी नवे अंगारे सुचवले. मग हळूहळू वेगळेच घडू लागले. पिठाची गिरणीवाला आमच्याकडचे दळण सकाळी लवकर उरकू लागला. न्हावीदादा कात्रीचा आवाज नको म्हणून दुपारी रिकाम्या वेळी घरी येऊन, दोन बैठकीत अर्धे-अर्धे डोके करू लागले. शाळेतली पोरे त्याला वाटेत पाहून माझ्याकडे धावत येत, “काका, तुमचा मुलगा टाकीपाशी आहे!” सात वर्षे मी जे एकट्याने राखत होतो, ते गाव राखू लागले. सगळेच गाव असे म्हणणार नाही. वेड्याच्या पाठी लागावे तसे लागणारेही होते, अजून आहेत.

शाळेबद्दल थोडक्यात सांगतो. एका शाळेने ‘इतर मुलांचे पालक तक्रार करतील’ म्हणून परत पाठवले. दुसरीकडे एका गुरुजींनी त्याला दाराजवळ जागा दिली, बाहेर जावेसे वाटले तर जाऊ दिले. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्राकडून विशेष शिक्षक अधूनमधून येत, त्यांनी बटणे लावायला शिकवले. दिव्यांग मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलेला आहे. हा कायदा तोंडपाठ असावा, नाही तर कागदावर लिहून खिशात ठेवावा. मी ठेवतो.

पाच घरांची बैठक

अंबाजोगाईच्या बाकड्यावर एका बाईंची भेट झाली होती. त्यांचा मुलगा आमच्या धाकट्याहून वर्षाने लहान. नवरा-बायको ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला सहा महिने कारखान्यावर. मुलाला गावी ठेवावे तर म्हातारीला आवरत नाही, सोबत न्यावे तर कोपीच्या भोवती ट्रॅक्टर, बैलगाड्या, उसाचा फड आणि पहाटे तीनला उठून जाणारे आईबाप. त्या बाईंनी मला सांगितले, की लेकराचा पाय त्या लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधून तोडीला जातात. सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. बाहेरून कडी लावणारा मी त्यांना काय बोलणार? दरवर्षी गाव सुटले की त्या मुलाचा सगळा क्रम मोडतो आणि शिकलेले निम्मे पुसले जाते. बीड जिल्ह्यात या दुखण्याला ही एक जास्तीची बाजू आहे, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही.

त्या बाईंमुळे मला एक कळले. आमची दोन घरे भेटली तर आणखीही असतील. दुकान असल्याचा फायदा झाला. विचारत गेलो तसे आसपासच्या गावांतून एकेक घर सापडत गेले. आज आम्ही पाच घरे आहोत. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आमच्या गावातल्या एका देवळाच्या सभामंडपात बसतो. काय करतो? फार काही नाही. बाया बोलतात, आम्ही बापे आधी गप्प बसायचो, आता बोलतो. कोणाच्या मुलाने झोप उडवली आहे, कोणाला फिट आली, कोणत्या गोळीने सुस्ती येते, ते सांगतो. मागच्या दोन हंगामांत ऊसतोडीला गेलेल्या त्या बाईंचा मुलगा आजीजवळ राहिला, कारण आमच्यातले एक घर दिवसातले चार तास त्याला सांभाळते. भिंतीवरच्या चित्रांची एक प्रत आम्ही त्याच्या आजीच्या घरीही लावली. डमरूसकट.

आम्ही काही नवीन केलेले नाही. या क्षेत्रातले बहुतेक काम आईबापांनीच सुरू केले आहे. इंग्लंडमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली, त्यातल्या लॉर्ना विंग या डॉक्टर होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आई होत्या. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. पुण्याचे ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ एका आईच्या अनुभवातून उभे राहिले. आपल्या मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला अंबिका टाकळकर यांनी ‘आरंभ’ ही संस्था उभी केली, त्याही स्वमग्न मुलाच्या आई. लांबून येणाऱ्याला रोज तिथे जाणे शक्य नाही हे खरे. पण एकदा जाऊन, पाहून, घरी काय करायचे ते शिकून येता येते.

कागदपत्रांचे सांगितले नाही तर हा लेख अर्धवट राहील. २०१४ मध्ये आम्हाला दाखला मिळाला तो ‘मतिमंद’ असा, कारण स्वमग्नतेचा वेगळा दाखला तेव्हा मिळत नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राने त्याचे निकष ठरवले आणि त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नतेचा समावेश झाला. तो नवा दाखला काढायला मला एका कार्यालयाच्या सात खेपा पडल्या. टेबलामागच्या माणसाने विचारले होते, “हातपाय तर धड आहेत, अपंग कुठून?” धीर सोडू नका. दाखल्यावरून दिव्यांगांचे ओळखपत्र निघते, एस.टी.ची सवलत मिळते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे, तीत वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि त्यात शिकवणीसारखे उपचारही धरले आहेत. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते. आमची त्याची तयारी आता चालू आहे. लहान मुलांसाठी अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीला येतात. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. ते आले की ‘बोलत नाही’ एवढे तरी त्यांना नक्की सांगा. आमच्या वेळी मी त्या दिवशी पोराला घरी ठेवले होते.

आता थोरलीचे. २०२४ मध्ये तिला एक चांगले स्थळ आले. नातेवाइकांचा सल्ला एकच, पाहुणे येतील त्या दिवशी धाकट्याला मामाकडे पाठवा, लग्न झाले की कळेलच. मी डगमगलो, खोटे कशाला बोलू? थोरली म्हणाली, “दादा, तो इथंच बसेल. ज्यांना चालत नाही त्यांनी चहा पिऊन जावं.” धाकटा बसला. पाहुण्यांच्या चपला त्याने एका ओळीत लावल्या. पाहुणे चहा पिऊन गेले आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. त्या रात्री थोरली जेवली नाही. आम्ही तिच्यावर न मागता केवढे ओझे टाकले आहे, ते मला त्या दिवशी दिसले. आमच्या मागे भावाचे काय, हा प्रश्न ती लहानपणापासून मनात घेऊन वाढली आहे आणि आम्ही दोघांनी तो तिच्यापाशी एकदाही काढला नव्हता. आता काढला आहे. पालकत्वाच्या अर्जात तिचे नाव घालायचे की नाही, हे तिने एक वर्ष विचार करून सांगावे, नाही म्हणाली तरी चालेल, असे आम्ही तिला सांगितले आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.

धाकटा सध्या दुकानात साखरेचे अर्ध्या-अर्ध्या किलोचे पुडे भरतो. काट्यावर आकडा बरोबर अर्ध्या किलोचा आल्याशिवाय तो पुडा बांधत नाही. त्यामुळे वेळ लागतो, पण आमच्या मापाबद्दल गावात कोणी शंका घेत नाही. काही दिवस तो एकही पुडा भरत नाही.

दुसऱ्या रविवारची बैठक दुपारी दोनला असते. दिंद्रुडच्या बाजारात कोणत्याही किराणा दुकानात विचारले तरी आमचा पत्ता मिळेल. मुलाला सोबत घेऊन या, दाखला नसला तरी या. सभामंडपातला पंखा करकरतो, म्हणून मुले येण्याच्या आत आम्ही तो बंद करून ठेवतो. तेवढा उकाडा सोसावा लागेल.